'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' भाग २: अजिंक्य बोर्गला 'झोप' या एका कमांडनं कसं हरवलं?

हल्ली वेब सिरीजचा एक एपिसोड संपला की पाच सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. पण १९९० मध्ये एका सायन्स फिक्शन मालिकेनं प्रेक्षकांना ऐन मोक्याच्या क्षणी 'क्रमशः' दाखवलं आणि पुढच्या भागासाठी तब्बल तीन महिने थांबायला लावलं. मालिका होती 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' आणि कथा होती 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'.

आज आपण या कथेच्या दुसऱ्या भागाबद्दल बोलणार आहोत. या भागात पृथ्वी वाचते ती मोठ्या बॉम्बनं किंवा तोफेनं नाही, तर शत्रूच्या सिस्टीममधल्या सगळ्यात दुर्लक्षित कमांडमुळे. नेटवर्क सिक्युरिटीचा अख्खा धडा यात आहे, आणि तो तुमच्या हातातल्या फोनलाही लागू होतो.

(सूचना: पुढे कथेचा शेवट सांगितला आहे. आधी एपिसोड बघायचा असेल तर इथेच थांबा.)

थोडक्यात माहिती

- मालिका: स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन (१९८७ ते १९९४, ७ सीझन)
- भाग १: सीझन ३ चा शेवटचा एपिसोड, पहिलं प्रसारण १८ जून १९९० च्या आठवड्यात
- भाग २: सीझन ४ चा पहिला एपिसोड, पहिलं प्रसारण २४ सप्टेंबर १९९० च्या आठवड्यात
- लेखक: मायकल पिलर
- दिग्दर्शक: क्लिफ बोल
- मुख्य कलाकार: पॅट्रिक स्टुअर्ट (कॅप्टन पिकार्ड), जोनाथन फ्रेक्स (रायकर), ब्रेंट स्पायनर (डेटा), मायकल डॉर्न (वर्फ), एलिझाबेथ डेनही (शेल्बी)

स्टार ट्रेक हे नाव नवीन वाटत असेल तर घरात काका-मामांना विचारून बघा. याच्या आधीची, म्हणजे १९६० च्या दशकातली मूळ स्टार ट्रेक मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर दाखवली जायची. टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक त्यांना नक्की आठवेल.

आधी बोर्ग म्हणजे काय ते समजून घेऊ

बोर्ग ही अर्धी माणसं, अर्धी मशीन. प्रत्येकाच्या शरीरात यंत्रं बसवलेली आणि सगळ्यांची डोकी एकाच नेटवर्कला जोडलेली. त्यांच्यात 'मी' नसतो, फक्त 'आम्ही'. एकाला जे कळलं ते त्याच क्षणी सगळ्यांना कळतं. कोणाला बॉस नाही, कोणाला सुट्टी नाही. वाटेत जी जमात भेटेल तिला पकडायचं, तिच्या शरीरात यंत्रं घालायची, तिचं ज्ञान आपल्यात ओतून घ्यायचं आणि पुढे जायचं, एवढंच त्यांचं काम.

त्यांचं यान म्हणजे एक महाप्रचंड घन, चौकोनी ठोकळा. त्यात वेगळी कंट्रोल रूम नाही, वेगळं इंजिन नाही, सगळं सगळीकडे पसरलेलं. यानाचा ७८ टक्के भाग बंद पडला तरी ते चालू राहील, असा अंदाज शेल्बी पहिल्या भागात सांगते. इंजिनीअरिंगच्या भाषेत याला डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम म्हणतात. एकाच जागी मारून ती पडत नाही. वर आणखी एक भर: तुम्ही एक शस्त्र एकदा-दोनदा वापरलं की बोर्ग त्याची सवय करून घेतात, तिसऱ्यांदा ते चालत नाही.

पहिला भाग कुठे संपला होता?

बोर्गचं यान पृथ्वीच्या दिशेनं निघालंय. एंटरप्राइज यानाचा कॅप्टन पिकार्ड त्याला अडवायला जातो, पण बोर्ग त्यालाच उचलून नेतात. नंतर पडद्यावर जो दिसतो तो पिकार्डच असतो, पण चेहऱ्यावर यंत्रं, आवाज सपाट, नाव 'लोक्युटस'. तो आपल्याच माणसांना शरण यायला सांगतो. इकडे उपकप्तान रायकरच्या हातात एकच मोठं शस्त्र तयार आहे. ते चालवलं तर यानासोबत पिकार्डही जाणार. रायकर गोळीबाराचा हुकूम देतो आणि... क्रमशः!

गंमत म्हणजे पहिला भाग लिहिताना मायकल पिलर यांच्याकडे सुद्धा उत्तर तयार नव्हतं. बोर्ग इतके ताकदवान करून ठेवले होते की त्यांना हरवायचं कसं, हे त्यांनी दुसरा भाग लिहितानाच शोधलं.

दुसऱ्या भागाची कथा

दुसरा भाग सुरू होतो आणि पहिल्याच मिनिटात सगळी आशा संपते. शस्त्र चालतं, पण घनाला ओरखडाही येत नाही. कारण सरळ आहे. हे शस्त्र बनवायची योजना पिकार्डला माहीत होती. पिकार्डचं डोकं आता बोर्गच्या नेटवर्कमध्ये आहे. म्हणजे सगळ्या योजना, सगळे पासवर्ड, सगळ्या सवयी शत्रूकडे पोचलेल्या.

पृथ्वीच्या बाजूनं ४० यानांचा ताफा 'वुल्फ ३५९' या ताऱ्याजवळ बोर्गला अडवायला उभा राहतो. लढाई आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. एंटरप्राइज तिथे उशिरा पोचतं तेव्हा समोर फक्त तरंगणारे सांगाडे असतात. १९९० च्या टीव्ही बजेटमध्ये एवढी मोठी लढाई दाखवणं सोपं नव्हतं, पण ती न दाखवल्यानंच तो प्रसंग जास्त अंगावर येतो. (ती लढाई नंतर १९९३ मध्ये 'डीप स्पेस नाइन' या दुसऱ्या मालिकेच्या पहिल्या भागात दाखवली गेली.)

जाता जाता: वुल्फ ३५९ हा खरा तारा आहे. सिंह राशीच्या दिशेला, आपल्यापासून साधारण ७.९ प्रकाशवर्षांवर. हा लाल बटू तारा इतका मंद आहे की वाशिमच्या एखाद्या वावरात अमावास्येच्या रात्री उभं राहिलात तरी नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, त्यासाठी दुर्बीणच लागते.

आता कॅप्टन झालेल्या रायकरपुढे प्रश्न आहे: जो शत्रू आपल्या गुरूच्या डोक्यानं विचार करतो, त्याला फसवायचं कसं? उत्तर: गुरूला अपेक्षित असेल त्याच्या उलट वागायचं. यानाचे दोन भाग वेगळे करायची जुनी योजना पिकार्डला माहीत होती. रायकर यान वेगळं करतो खरं, पण हल्ला नको त्या भागातून करतो. बोर्गचं लक्ष भलतीकडे असताना वर्फ आणि डेटा छोट्या यानातून आत घुसतात आणि लोक्युटसला उचलून आणतात.

पण लोक्युटस परत आला म्हणजे पिकार्ड परत आला असं नाही. त्याचं कनेक्शन अजून चालू आहे. आणि खरी कथा इथून सुरू होते.

डेटानं नेमकं काय केलं?

डेटा हा अँड्रॉइड आहे, म्हणजे माणसासारखा दिसणारा रोबो. (फोनमधल्या अँड्रॉइडचं नाव याच शब्दावरून!) तो स्वतःला लोक्युटसच्या यंत्रांशी जोडतो. आता पुढच्या पायऱ्या नीट बघा, कारण खरा हॅकर सुद्धा साधारण याच क्रमानं जातो.

१. आत जायला रस्ता: लोक्युटस हा नेटवर्कचा अधिकृत सदस्य आहे. त्यामुळे बाहेरची भिंत फोडायची गरजच नाही. लॉगिन झालेलं अकाउंट हातात आहे.

२. मोठ्या दारांवर प्रयत्न: डेटा आधी शस्त्रं बंद करायची कमांड देऊन बघतो. जमत नाही. मग वीजपुरवठ्याचा प्रयत्न. तेही नाही. महत्त्वाच्या प्रत्येक विभागाला कडक संरक्षण आहे.

३. इशारा: तेवढ्यात आतून, यंत्रांच्या खालून, खरा पिकार्ड एक शब्द कसाबसा बोलतो. झोप. डॉक्टर क्रशरना वाटतं तो थकलाय. डेटाला कळतं की ही तक्रार नाही, ही दिशा आहे.

४. दुर्लक्षित दार: बोर्ग ठरावीक वेळी आपापल्या कप्प्यात जाऊन विश्रांती घेतात, चार्ज होतात. ही कमांड बिनमहत्त्वाची मानलेली, त्यामुळे तिला संरक्षणही कमी. डेटा तीच कमांड नेटवर्कमध्ये सोडतो.

५. परिणाम: एकाला झोप म्हणजे सगळ्यांना झोप. पृथ्वीच्या दारात पोचलेलं यान जागच्या जागी थांबतं. अवेळी झोपवल्यामुळे त्याच्या ऊर्जेच्या यंत्रणेत बिघाडाचं चक्र सुरू होतं आणि शेवटी घन स्वतःच फुटतो.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कोणालाही चौथी पायरी लगेच पटेल. पैशांच्या व्यवहाराचा कोड असेल तर तो चार-पाच जण तपासतात. पण रात्री जुन्या फाइल साफ करणारी छोटी स्क्रिप्ट? ती कोणीतरी कधीतरी लिहिलेली असते आणि सगळे अधिकार घेऊन वर्षानुवर्षं चालू असते. चोर पुढच्या दाराचं कुलूप तोडत बसत नाही, मागची खिडकी शोधतो.

खऱ्या जगात असं झालंय का?

झालंय, आणि एकदा नाही.

मागची खिडकी: २०१३ च्या शेवटी अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले कुठून? दुकानांच्या रेफ्रिजरेशन आणि एसीचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनमधून.

शत्रूच्याच कोडमधला स्विच: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं जगभर धुमाकूळ घातला. मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाला दिसलं की हा व्हायरस पसरण्याआधी एक विचित्र वेबसाइट अस्तित्वात आहे का ते बघतो. त्यानं ते डोमेन नाव विकत घेतलं. साइट 'आहे' असं कळताच व्हायरसचं पसरणं थांबलं. डेटानं केलं तेच: बाहेरून मारण्याऐवजी आतलीच कमांड वापरली.

सगळ्यांना एकच कमांड: १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. इथे कोणी हॅकर नव्हता. पण सगळे एकाच दोरीला बांधलेले असले की दोरी तुटल्यावर काय होतं ते दिसलं.

वाशिमकरांना हे समजायला कॉम्प्युटरचीही गरज नाही. आपला जिल्हा सोयाबीनचा. एकेकाळी विदर्भात जिकडे बघावं तिकडे जेएस ३३५ हाच वाण असायचा. सगळ्या वावरांत एकच वाण असला की बियाणं मिळवणं सोपं, मळणी सोपी, सगळं सोपं. पण त्या वाणाला न झेपणारा एखादा रोग आला तर तो या धुऱ्यावर थांबत नाही, कारण पलीकडेही तेच पीक उभं असतं. म्हणून तर दोन-तीन वाण मिसळून घ्या असं जाणकार सांगतात. बोर्गची ताकद आणि बोर्गची कमजोरी ही एकच गोष्ट आहे: सगळे सारखे, सगळे जोडलेले.

लोक्युटस तुमच्या व्हॉट्सॲपवर येतो तेव्हा

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. या कथेत ४० यानांचा ताफा का हरला? बोर्गकडे तोफा जास्त होत्या म्हणून, हे अर्धंच उत्तर झालं. समोरून ओळखीचा माणूस बोलत होता आणि त्याला आपलं सगळं माहीत होतं, हे उरलेलं अर्धं.

तुमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाइल येते. नाव असतं 'लग्नपत्रिका', नाहीतर 'पीएम किसान', नाहीतर 'आरटीओ चलन'. शेवटी एपीके लिहिलेलं. पाठवणारा अनोळखी नसतो. मंगरूळपीरचा मामा असतो, शाळेतले सर असतात, कृषी केंद्रवाले भाऊ असतात. म्हणून आपण उघडतो. प्रत्यक्षात मामानं काही पाठवलेलंच नसतं. मामाचा फोन किंवा व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं असतं, आणि मामाच्या नावानं भलताच कोणी बोलत असतो. हाच तो लोक्युटस.

फाइल इन्स्टॉल केली की ती परवानगी मागते. बँकेची नाही मागत, ती मागितली तर तुम्ही सावध व्हाल. ती मागते एसएमएस वाचायची, नोटिफिकेशन बघायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची. किरकोळ वाटणारी परवानगी. पण ओटीपी एसएमएसमध्येच येतो ना? म्हणजे पुढचं दार बँकेनं कितीही मजबूत केलं तरी मागची खिडकी आपणच उघडून दिली.

म्हणून एवढं करा:

- एपीके फाइल कोणीही पाठवली तरी इन्स्टॉल करू नका. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप नसते.
- पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. मेसेजवर विचारू नका, कारण उत्तर लोक्युटसच देईल.
- सेटिंग्जमध्ये जाऊन कोणत्या ॲपला एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी आहे ते बघा. टॉर्चच्या ॲपला एसएमएस कशाला लागतात?
- व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर काढून टाका.
- दुकानात किंवा घरी सीसीटीव्ही, वायफाय राउटर असेल तर कंपनीनं दिलेला मूळ पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटनं असे मूळ पासवर्ड वापरूनच कॅमेऱ्यांची फौज उभी केली होती.
- पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

कथेत न पटणाऱ्या गोष्टी

खरं सांगायचं तर दोन-तीन गोष्टी खटकतात. लोक्युटस चोरीला गेल्यावर बोर्गनं त्याचं कनेक्शन लगेच का तोडलं नाही? आपण फोन हरवला की सिम बंद करतो, एवढं साधं त्यांना सुचू नये? कथेचं उत्तर असं की बोर्गला त्याची फिकीरच वाटली नाही, कोणी आपल्याला आतून हात लावू शकेल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. तसं बघितलं तर मोठमोठ्या कंपन्याही याच घमेंडीत गाफील राहतात. दुसरं म्हणजे झोपेतून थेट स्फोट, हे जरा घाईत उरकल्यासारखं वाटतं. पण कथेचा मूळ तर्क मजबूत असल्यानं ते चालून जातं.

नंतर काय झालं?

यंत्रं काढली जातात, पिकार्ड बरा होतो, पृथ्वी वाचते. सगळे खूश. पण शेवटच्या दृश्यात तो एकटा खिडकीतून पृथ्वीकडे बघत असतो आणि त्याचा चेहरा काही वेगळंच सांगतो. तो पूर्ण वेळ आत जागा होता, आपल्याच हातून काय होतंय ते बघत होता.

पुढच्याच 'फॅमिली' या एपिसोडमध्ये तो फ्रान्समधल्या आपल्या गावी जातो आणि भावासमोर ढसाढसा रडतो. मी त्यांना थांबवू शकलो नाही, हेच त्याच्या मनात असतं. त्या काळच्या टीव्हीवर नायक पुढच्या आठवड्यात ठणठणीत दिसायचा, त्यामुळे हे नवीन होतं. पुढे १९९२ च्या 'आय, बोर्ग' या एपिसोडमध्ये एका पकडलेल्या बोर्गमार्फत पूर्ण नेटवर्क नष्ट करायची संधी मिळते आणि पिकार्ड ती सोडून देतो. १९९६ चा 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' हा सिनेमा सुद्धा याच जखमेवर उभा आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फक्त दुसरा भाग बघितला तर चालेल का?*
कथा कळेल, पण मजा अर्धी होईल. दोन्ही सलग बघा, मिळून साधारण दीड तास लागतो.

*त्याआधी काही बघावं लागेल का?*
वेळ असेल तर सीझन २ मधला 'क्यू हू' बघा. बोर्ग पहिल्यांदा तिथे दिसतात.

*लहान भावंडांसोबत बघता येईल का?*
हो. रक्तपात फारसा नाही. पिकार्डला यंत्रं बसवतानाचं दृश्य थोडं भीतीदायक आहे.

शेवटी एक गोष्ट

पिकार्डवर नंतर त्याच्या माणसांनी राग धरला नाही. जे झालं ते त्याच्या हातून झालं, पण त्यानं केलं नाही, एवढा फरक त्यांना कळत होता. आपल्याकडे मात्र कोणी ऑनलाइन फसलं की पहिलं वाक्य येतं, 'तुला अक्कल नाही का?' त्या वाक्याच्या भीतीनं कितीतरी जण घरी सांगतच नाहीत, आणि १९३० वर फोन करायचे पहिले काही तास तसेच निघून जातात. तेव्हा उद्या घरातल्या कोणाकडून असं झालं तर आधी फोन लावा. अकलेबद्दल नंतर बोलू.